वाघापेक्षा टिपटिप

आमच्या तळेघरच्या अंगाला पाऊस पडत नाही, मुक्कामाला येतो. मंचर-घोडेगावपर्यंत तो सरीसरीनं येतो आणि जातो. डिंभ्याच्या पुढं रस्ता भीमाशंकरकडं चढायला लागला की मग आठ-आठ दिवस झड. आवणी उरकून माणसं घरात येऊन बसतात आणि घर गळत असतं.

आमचं जुनं घर कारवीच्या कुडाचं, वर कौलं. उन्हाळ्यात वांदरांनी उड्या मारून कुठलं कौल फोडलंय ते आषाढातच कळायचं. आजी तांब्या, परात, पातेलं घेऊन घरभर फिरायची. इथली धार धरली की तिथं गळायचं. आणि फिरता फिरता तोंडानं गोष्ट चाललेली असायची. गोष्ट अशी, की एका म्हातारीचं घर असंच गळत होतं. भिंतीच्या आडोशाला, वळचणीखाली, भिजलेला वाघ येऊन बसलेला. आत म्हातारी आपल्याशीच बोलतीय, "वाघाचं भ्याव न्हाय बाई मला, ह्या टिपटिपीचं भ्याव हाय." वाघाच्या पोटात गोळा येतो. ही टिपटिप म्हणजे आपल्यापेक्षा मोठं काय जनावर असेल? तेवढ्यात हरवलेलं रेडकू हुडकत एक गडी अंधारात येतो, हाताला अंग लागतं, रेडकूच समजून चार रट्टे घालतो आणि कानाला धरून ओढत नेतो. वाघ मुकाट जातो. टिपटिपीनं धरलं म्हणतो. सकाळी गड्याला दिसतं की दावणीला वाघ बांधलाय. तो हात जोडतो, दावं सोडतो. वाघ रानाकडं पळतो आणि पळताना मागं बघत जातो, टिपटिप येतीय का म्हणून.

एवढीच गोष्ट. शेवटाला आजी स्वतः मान वळवून मागं बघायची आणि आम्ही हसून लोळायचो.

पुढं शाळेसाठी बाहेर राहिलो तेव्हा ह्या गोष्टीची मला लाज वाटायला लागली. वसतिगृहातल्या पोरांकडं पुस्तकातल्या गोष्टी होत्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून मराठीत आणायला घेतलेल्या आणि पुढं विष्णुशास्त्र्यांनी तडीला नेलेल्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं'ची एक फाटकी प्रत आमच्यात फिरायची. नाथमाधवांची 'वीरधवल' होती. सिंहगडावर कड्यावरनं पडून कमरेखालचं अंग गेलेला हा माणूस पडल्या जागेवरनं सगळ्या महाराष्ट्राला घोड्यावर बसवून फिरवत होता, हे मला फार नंतर कळलं. धारपांच्या भयकथा रात्री पांघरुणात वाचायच्या. ह्या सगळ्यापुढं गळकं घर आणि रेडकू म्हणजे अगदीच गावठी. अद्भुत म्हणजे बगदाद, अद्भुत म्हणजे भुयार, असं मनात बसलं ते बसलंच.

ही समजूत माझी एकट्याची नव्हती. मराठी कादंबरीच्या पायातच ती घातलेली आहे. नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. त्या कादंबरीत विमान आहे, म्हणून मराठी विज्ञानकथेची मुळं शोधणारे तिचं नाव कौतुकानं घेतात. मला विमानापेक्षा प्रस्तावना जास्त महत्त्वाची वाटते. रिसबुड तिथं मोकळेपणानं कबूल करतात, की आपल्या लोकांच्या लग्नाच्या आणि जगण्याच्या रीतीच अशा आहेत की त्यात मन रमवणारं चांगलं किंवा वाईट काही घडत नाही. रोजचं तेच लिहिलं तर कोण वाचील. म्हणून अद्भुताकडं वळावं लागतं. कबुली प्रामाणिक आहे, पण खरी नाही. त्याच्या अकरा वर्षं आधी, १८५७ साली, बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहून विधवांच्या रोजच्या जगण्यात काय काय घडतं ते दाखवलेलं होतं. म्हणजे घरात घडत नव्हतं असं नाही, घरातलं बघायचं नव्हतं. अद्भुत हे मराठीत असं घरातनं निघून जायची वाट म्हणून आलं. मी वसतिगृहात तीच वाट धरली होती, त्यामुळं रिसबुडांवर फार रागावायचा मला हक्क नाही.

आणि गंमत बघा. त्याच १८६८ साली लंडनमध्ये एक पुस्तक निघालं, 'ओल्ड डेक्कन डेज'. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी हिनं ते लिहिलं. लिहिलं म्हणजे लिहून घेतलं. १८६५-६६ च्या हिवाळ्यात गव्हर्नरांचा दौरा दक्षिण महाराष्ट्राकडं निघाला होता. प्रवासात वेळ जाईना, म्हणून मेरीनं आपल्या आयेला, अ‍ॅना लिबेराता डिसूझा हिला, गोष्ट सांग म्हटलं. अ‍ॅनाचं घराणं मूळचं लिंगायत. आजोबा गोव्याला येऊन ख्रिस्ती झाले. गोष्टी तिला तिच्या आजीनं सांगितलेल्या. अ‍ॅनानं त्या आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितल्या, मेरीनं उतरवून परत वाचून दाखवल्या, चूक असेल तिथं अ‍ॅनानं दुरुस्त केल्या. पुस्तकाच्या सुरुवातीला अ‍ॅनाची स्वतःची हकिगतही तिच्याच बोलीत घातलेली आहे. सांगणारणीला इतकी जागा त्या काळात कुठल्या पुस्तकानं दिली असेल, मला शंका आहे. तरी मुखपृष्ठावर नाव मेरीचं.

डिक्शनरी शेजारी ठेवून हे पुस्तक वाचत होतो. जादूगाराचा जीव पोपटात ठेवलेली गोष्ट आली, ती ओळखीची होतीच. आणि मग एका कुंभाराची गोष्ट लागली. पहिल्याच ओळीत वादळ, पाऊस, म्हातारीची झोपडी, भिंतीला टेकलेला वाघ. मी पुस्तक मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आमची टिपटिप दीडशे वर्षांपूर्वी लंडनला जाऊन आलेली होती!

मग दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या. अ‍ॅनाच्या गोष्टीत गडी कुंभार आहे, ताडी जरा जास्त झालेली आहे आणि तो गाढव हुडकतोय. आमच्या घाटमाथ्यावर गाढव कुठलं? आजीनं किंवा तिच्या आधीच्या कुणी रेडकू घातलं. हा बदल किरकोळ. मोठा बदल पुढं आहे. अ‍ॅनाच्या गोष्टीत सकाळी वाघ बघायला सगळा गाव लोटतो, राजा येतो, कुंभाराला घरं-जमिनी आणि दहा हजार घोडेस्वारांची सरदारकी देतो. मग शत्रू चालून येतो. कुंभाराला घोड्यावर बसता येत नाही, म्हणून बायको त्याला दोरीनं करकचून बांधते. घोडा उधळतो, कुंभार जीव वाचवायला झाड धरतो तर झाडच मुळासकट हातात येतं, आणि झाड घेऊन येणारा हा कोण राक्षस म्हणून फौज पळून जाते. हे फार मजेचं आहे, आणि रचनाही पक्की आहे: आधी वाघ फसतो, मग तशीच फौज फसते. पण मला विचाराल तर आजीची गोष्ट सरस. ती वाघापाशी थांबते. तिला राजा लागत नाही. आणि वाघ तिच्यात बक्षीस मिळवून देणारं जनावर नाही. आमच्याकडं वाघबारशीला गुराखी पोरं घरोघर धान्य मागून रानात खीर शिजवतात, वाघोबाला निवद दाखवतात, एक पोर वाघ होतं आणि बाकीची त्याला हाकलत नेतात. त्या गावात दावणीला बांधलेला वाघ राजाला दाखवत नाहीत. हात जोडून सोडतात.

दोन्हीत सारखं काय राहिलं, तर म्हातारीचं वाक्य आणि वाघाची चूक. ह्या गोष्टीत चमत्कार एकही नाही. जादू नाही, भूत नाही. टिपटिप नावाचं अक्राळविक्राळ जनावर एकट्या वाघाच्या डोक्यात आहे. म्हातारीनं गळक्या छपराची तक्रार केली, त्यानं तिचा राक्षस केला. अद्भुतकथेचा पहिला कर्ता इथं वाघ आहे, आणि कच्चा माल आहे म्हातारीची गरिबी. रिसबुडांना रोजच्या जगण्यात काही सापडलं नाही. ह्या बायकांना छपराचं भोक पुरलं.

ह्यापुढचं मी जरा सांभाळून लिहितो.

३० जुलै २०१४. माळीण आमच्यापासून लांब नाही. त्या दिवशी सकाळी डोंगर खाली आला आणि गाव गाडलं गेलं. १५१ माणसं. गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा दिसलं ते एसटीच्या चालकाला. त्याच्या आदल्या दिवसांतही असाच, नेहमीसारखाच पाऊस लागून राहिलेला होता. आम्ही परातीच मांडत होतो.

त्याच्या पुढच्या आषाढात माझ्या पुतण्याची पोरं गोष्ट सांगा म्हणून बसली. मी सुरू केलं, "एका म्हातारीचं घर गळत होतं..." आई चुलीपाशी होती. ती वळली नाही, नुसती म्हणाली, "ती नगं आता." मी दुसरी सांगितली. आमच्या घरात पुढं बरीच वर्षं ती गोष्ट निघाली नाही.

फ्रिअरबाईंचं पुस्तक हातात आलं ते ह्यानंतर. त्यात म्हातारीचं बोलणं आजीच्यापेक्षा थोडं लांब आहे. वाघ-हत्तीचं नाव घ्यायच्या आधी ती म्हणते की हे छप्पर आता खाली येणार. आजीच्या गोष्टीतनं ते कधी गळालं कोण जाणे, की आम्ही लहान म्हणून तिनंच गाळलं. पण तेव्हा कळलं, की लहानपणी जिथं आम्ही हसत होतो तिथं म्हातारी विनोद करत नव्हती. डोंगराखाली राहणाऱ्या बाईनं कशाला किती भ्यावं याचा हिशेब केला होता. आधी पाणी, मग वाघ. हसू वाघाच्या वाट्याचं होतं, कारण तो हिशेब चुकला.

अलीकडं जुन्या भयकथांना आणि लोककथांना बरे दिवस आलेत. धारप नव्या मुखपृष्ठांनी छापले जातायत. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ ला आला तेव्हा लोकांनी फारसा पाहिला नाही, २०२४ ला परत लागला तेव्हा गर्दी झाली. तो मलाही आवडला, आणि त्याचं कारण पाऊस. त्यात पाऊस शोभेला नाही, माणसाच्या हाडात शिरतो. भीती हस्तरची दाखवतात, पण भ्यायचं असतं ते सोन्याच्या नाण्यांमागं परत परत जाणाऱ्या हाताला. इथवर तो आजीच्या जातीचा सिनेमा आहे. पण त्यातली म्हातारी साखळीनं बांधलेली आहे, तिला फक्त भेसूर दिसायचं काम आहे. तिला स्वतःचा हिशेब नाही. आणि 'तुंबाड'नंतर भुताखेतांचं जे पीक आलंय त्यात तर जागाच हरवलीय. मुंजा पिंपळाचा असतो, आसरा डोहाच्या असतात, चकवा वाटेवर लागतो. आमच्याकडं प्रत्येकाला हद्द आहे. डिंभ्याचं पाणी चढलं, जुनं आंबेगाव खाली गेलं, तेव्हा नदीचे डोहही बुडाले, आणि त्या डोहांच्या आसरांच्या गोष्टी सांगणं म्हाताऱ्यांनी आपोआप बंद केलं. जागा दाखवता येत नाही तर सांगायचं काय? नुसती नावं उचलून शहरातल्या लिफ्टमध्ये भूत बसवणाऱ्यांना ही अडचण येत नाही.

मागच्या पावसाळ्यात नात आली होती. आता घर पक्कं आहे, वर पत्रा. गळत नाही, पण पाऊस लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. लाइट गेलेली. मी आईकडं बघितलं, ती काही बोलली नाही. मग जवळजवळ ओरडत टिपटिपीची गोष्ट सांगितली, छप्पर पडेल हे म्हातारीचं बोलणं घालून. शेवटी मान वळवून मागं बघितलं.

पोरगी हसली. मग म्हणाली, "आजोबा, म्हातारीचं घर मग कुणी शाकारलं?"

कुंभाराला सरदारकी मिळते, वाघ सुटतो. म्हातारी पहिल्या पानानंतर अ‍ॅनाच्या गोष्टीत परत येत नाही. आजीच्याही येत नव्हती.

"उद्या सांगतो," म्हटलं, आणि बॅटरी घेऊन गोठ्यात चक्कर मारून आलो.