वस्त्र, व्यक्ती आणि सत्ता : ब्राँझिनोकृत एलेओनोराच्या व्यक्तिचित्रातील प्रतीके व शैली

प्रस्तावना

प्रबोधनकाळाच्या उत्तरार्धात इटलीत उदयास आलेल्या रीतिलाघववादाकडे, अर्थात मॅनरिझमकडे, कलासमीक्षकांनी दीर्घकाळ ऱ्हासाचे लक्षण म्हणून पाहिले. 'मानिएरा' या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ केवळ 'रीत' किंवा 'शैली' असा असला, तरी पुढे त्याला कृत्रिमतेचा अर्थ चिकटला. या प्रवाहातील व्यक्तिचित्रांवर भावशून्यतेचा आरोप विशेषत्वाने होतो. आन्योलो ब्राँझिनो (१५०३–१५७२) याने सुमारे १५४५ मध्ये रंगविलेले 'एलेओनोरा दी तोलेदो आणि तिचा पुत्र जोव्हान्नी' हे चित्र या आरोपाचे नेहमीचे उदाहरण होय. प्रतीकांचा अर्थ शैलीपासून अलग काढून लावता येत नाही, ही भूमिका या चित्राच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एलेओनोरा (१५२२–१५६२) ही नेपल्सचा स्पॅनिश राजप्रतिनिधी दोन पेद्रो दे तोलेदो याची कन्या. १५३९ मध्ये तिचा विवाह फ्लॉरेन्सचा ड्यूक पहिला कोझिमो याच्याशी झाला. कोझिमो हा मेदिची घराण्याच्या कनिष्ठ शाखेतला. १५३७ मध्ये ड्यूक आलेस्सांद्रोची हत्या झाल्यावर अवघ्या सतराव्या वर्षी तो सत्तेवर आला. ज्या नगराला प्रजासत्ताकाची दीर्घ परंपरा होती, तेथे वंशपरंपरागत राज्य स्थिर करणे ही त्याची निकड होती. स्पेनच्या सत्तावर्तुळातील पत्नी आणि तिच्यापासून झालेली संतती हे या राज्याचे दोन भक्कम आधार होते. एलेओनोराने अकरा अपत्यांना जन्म दिला. शिवाय पतीच्या अनुपस्थितीत राज्यकारभारही पाहिला. ब्राँझिनो हा याच दरबाराचा चित्रकार असून पलाझ्झो वेक्क्यो येथील तिच्या खाजगी प्रार्थनागृहाची चित्रसजावटही त्यानेच केली.

चित्राचे स्वरूप

लाकडी फळीवर तैलरंगांत केलेले हे चित्र आज फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे. त्याची उंची सुमारे ११५ सें.मी. व रुंदी ९६ सें.मी. आहे. आसनस्थ एलेओनोराचा उजवा हात शेजारी उभ्या असलेल्या बालकाभोवती आहे. दोघांचीही दृष्टी थेट प्रेक्षकाकडे आहे. परस्परांकडे कोणीही पाहत नाही. पार्श्वभूमी गडद निळी असून एका बाजूस खाली जलमय भूप्रदेशाचे ओझरते दर्शन घडते. तथापि चित्राचा सर्वाधिक पृष्ठभाग व्यापला आहे तो तिच्या पोशाखाने. पांढऱ्या रेशमी वस्त्रावर काळ्या मखमलीची वेलबुट्टी आणि सोन्याच्या तारेचे डाळिंबाचे आकृतिबंध आहेत. खांद्यांवर व केसांवर मोती गुंफलेली सोनेरी जाळी, गळ्यात मोत्यांच्या माळा आणि कमरेला रत्नजडित पट्टा आहे.

डाळिंब : एक प्रतीक, अनेक अर्थ

पाश्चात्त्य प्रतिमाविद्येत डाळिंबाला अनेक अर्थ आहेत. असंख्य दाण्यांमुळे ते सुफलतेचे चिन्ह ठरते. ख्रिस्ती परंपरेत ते पुनरुत्थानाचे सूचन करते आणि स्पेनच्या संदर्भात ग्रानादा या नगराच्या नावाशी त्याचा संबंध जोडला जातो. यांपैकी प्रत्येक अर्थ एलेओनोराला लागू पडतो. नेमकी अडचण येथेच आहे. पंधराव्या व सोळाव्या शतकांतील मौल्यवान इटालियन वस्त्रांवर डाळिंबाची नक्षी सर्रास आढळते. ज्या स्त्रियांना मूल नव्हते अथवा ज्यांचा स्पेनशी काही संबंध नव्हता, त्यांच्याही अंगावर ती असे. तेव्हा केवळ प्रतीककोश उघडून 'डाळिंब म्हणजे सुफलता' असे समीकरण मांडल्यास चित्राविषयी काहीच सिद्ध होत नाही.

अर्थनिश्चिती होते ती मांडणीतून. चित्रकाराने डाळिंबाचा सर्वांत मोठा आकृतिबंध वक्षस्थळाच्या मध्यभागी, चित्राच्या जणू मध्यबिंदूवर आणला आहे. वस्त्राला घड्या असूनही ही नक्षी फारशी मोडत नाही. ती ध्वजावरील चिन्हासारखी सपाट व पूर्ण दिसते. तिच्या लगत वंशाचा अंकुर, म्हणजे बालक, उभे आहे. हे बालक ज्येष्ठ पुत्र फ्रांचेस्को नसून १५४३ मध्ये जन्मलेला दुसरा पुत्र जोव्हान्नी आहे, असे सामान्यतः मानले जाते. ते लक्षात घेता आशय अधिक स्पष्ट होतो. वारस आहेच, शिवाय त्याच्या पाठीशी आणखीही आहेत. येथे डाळिंब सुफलतेचे चिन्ह ठरते ते त्याच्या जागेमुळे आणि रंगविण्याच्या रीतीमुळे.

शैलीचा अर्थ

राफाएलच्या 'माडोन्ना देल्ला सेज्जोला' या चित्राशी तुलना केल्यास ब्राँझिनोची दिशा ध्यानात येते. तेथे माता बालकाला कवटाळते, मस्तकाला मस्तक भिडते आणि वर्तुळाकार रचना त्या जवळिकीला घट्ट करते. ब्राँझिनोने माता व बालक हे पवित्र सूत्र घेतले, मात्र त्यातील स्पर्शाची ऊब काढून घेतली. एलेओनोराच्या मस्तकाभोवती निळा रंग किंचित उजळतो व प्रभावलयाचा भास होतो. मेरीच्या वस्त्राशी परंपरेने जोडलेला हा निळा रंग येथे राज्यकर्त्या स्त्रीच्या पाठीमागे पसरला आहे. त्वचेवर कुंचल्याचा ठसा उमटत नाही; ती हस्तिदंतासारखी गुळगुळीत व कठीण भासते.

या काठिण्याला चित्रकाराची उणीव म्हणणे सयुक्तिक नाही. ब्राँझिनो स्वतः कवी होता आणि पेत्रार्कच्या परंपरेत वाढला होता. त्या काव्यपरंपरेत स्तुतीस पात्र स्त्री ही मोती, सुवर्ण व हस्तिदंत यांच्या उपमांनी वर्णिली जाते. तिची अप्राप्यता हाच तिचा गौरव असतो. त्या दृष्टीने पाहिल्यास येथील शीतलता ही स्तुतीची भाषा ठरते. तिला राजकीय बाजूही आहे. नवी सत्ता आपण सनातन असल्याचा आव आणते. म्हणून वय, श्रम वा क्षणिक भाव यांची खूण चेहऱ्यावर उमटू दिलेली नाही.

दंतकथा आणि अर्थनिर्णयाची मर्यादा

१८५७ मध्ये मेदिची घराण्याच्या थडग्यांची पाहणी झाल्यानंतर एलेओनोराला याच पोशाखात पुरले होते, अशी समजूत रूढ झाली आणि चित्रावरील लेखनात ती वारंवार आली. तिच्या दफनवस्त्राचे अवशेष पुढे जतन करण्यात आले. ते वस्त्र वेगळे व पुष्कळच साधे असल्याचे त्यातून दिसून आले. चित्रातील झगा प्रत्यक्षात कधी शिवलाच नसावा, कापडाच्या नमुन्यावरून तो रंगविला असावा, असेही काही अभ्यासकांचे मत आहे. तसे असल्यास हा पोशाख म्हणजे पाहिलेल्या वस्तूची नोंद न राहता चित्रकाराची रचना ठरतो आणि त्यातील प्रत्येक रेषेमागील हेतू अधिक महत्त्वाचा होतो.

दंतकथा टिकली, कारण ती प्रेक्षकाची गरज भागविते. १५६२ च्या अखेरीस जोव्हान्नी, गार्झिया व एलेओनोरा हे तिघेही काही आठवड्यांच्या अंतराने हिवतापाने मृत्यू पावले. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला त्या स्थिर मुद्रेत दुःखाची चाहूल लागते. परंतु १५४५ मध्ये बावीस-तेवीस वर्षांच्या त्या स्त्रीपुढे हा शोक नव्हता. उत्तरायुष्यातील घटना आधीच्या चित्रावर लादणे ही प्रतीककोशाच्या यांत्रिक वापराइतकीच गंभीर चूक आहे. दोन्हींत प्रत्यक्ष चित्र पाहणे मागे पडते.

निष्कर्ष

या व्यक्तिचित्रात प्रतीके व शैली परस्परांवर अवलंबून आहेत. डाळिंब, मोती व निळाई यांचे अर्थ परंपरेने पुरविले. त्यांपैकी कोणता अर्थ प्रभावी व्हावा हे रचना, सपाटपणा आणि नियंत्रित मुद्रा यांनी ठरविले. रीतिलाघववादी चित्रांच्या अध्यापनात प्रतीकांची यादी पाठ करून घेण्याची पद्धत म्हणूनच अपुरी पडते. त्याचबरोबर एक मर्यादाही मान्य करावी लागते. हे चित्र एलेओनोराच्या पदाविषयी पुष्कळ सांगते, तिच्या मनाविषयी जवळजवळ काहीच नाही. तिचे मौन चित्रकाराने हेतुतः राखले आहे. समीक्षकाने ते कल्पनेने भरून काढू नये.