ओली कुरकुर, कोरडी कुरकुर

चायनीज भेळ चीनमध्ये कुणी ओळखणार नाही. तळलेल्या नूडल्स, कच्ची पत्ताकोबी, कांदा, ढोबळी मिरची आणि वर शेजवान चटणीचा लाल भडिमार. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत संध्याकाळच्या हातगाड्यांवर ही बशी मिळते. तिकडे अमेरिकेतल्या घरांमध्ये ‘चायनीज’ म्हणून कोबीचं एक सॅलड करतात. त्यात पाकिटातल्या रामेन नूडल्स न शिजवता चुरून घालतात, जोडीला बदाम, तीळ, व्हिनेगर, साखर, तेल आणि सोया सॉस. या दोन पदार्थांची एकमेकांशी ओळख नाही आणि चीनशी नातं दोघांचंही लांबचंच. पण रचना तीच: कच्चं पान, तळलेलं पीठ, आंबट-गोड रस. ही रचना कुठल्याही गावात सुचावी इतकी पक्की आहे. वाशिम-रिसोड रस्त्यावरच्या रिठदला, घरच्या स्वयंपाकघरात, ती दोन्हींहून चांगली जमते असं माझं मत आहे.

या सॅलडात कुरकुर दोन जातींची असते, आणि सगळी गंमत त्या दोघींच्या भांडणात आहे. कोबीची कुरकुर ओली. पानात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. प्रत्येक पेशी त्या पाण्याने फुगून ताठ असते आणि दाताखाली ती फुटते तो कचकन आवाज. नूडल्सची कुरकुर कोरडी. तळताना पिठातलं पाणी निघून गेलं, पोकळ्या राहिल्या, आणि त्या मोडतात तो चुरचुर आवाज. एकीला पाणी टिकवायचं असतं, दुसरीला पाणी टाळायचं असतं. मधे मीठ पडलं की दोघींचा घात होतो: मीठ पानातलं पाणी ओढून बाहेर काढतं आणि ते पाणी थेट नूडल्सना जाऊन मिळतं. पान लुळं, नूडल्स मऊ. पाचसात मिनिटांत खेळ आटोपतो.

म्हणून इथे कृतीपेक्षा क्रम मोठा. कोबी हिवाळ्याची घ्यावी. थंडीत ती घट्ट, जड आणि गोडसर असते, उन्हाळ्यातला गड्डा हाताला हलका लागतो आणि पानं मोकळी सुटतात. चौघांना अर्धा मध्यम गड्डा पुरे. किसणीला हातही लावू नये. किसताना पेशी चिरडतात, पाणी सुटतं, आणि मोहरीच्या कुळातली ही भाजी आपला उग्र वास मोकळा करते. तो वास चिरडल्यावरच तयार होतो, अख्ख्या पानात नसतो. धारदार सुरीने किंवा विळीवर, शिरांच्या आडवं, दोऱ्यासारखं बारीक चिरावं. मग पंधरा-वीस मिनिटं माठातल्या गार पाण्यात. चिरलेल्या पेशी पाणी पिऊन पुन्हा ताठ होतात. त्यानंतर धोतराच्या जुन्या फडक्यावर पसरून अगदी कोरडी करायची. ही पायरी कंटाळवाणी आहे, आणि बहुतेकांचं सॅलड इथेच बिघडतं.

खरी चिनी कोबी लांबट, फिकट, रसाळ देठांची. वनस्पतिशास्त्रात ती आपल्या गोल कोबीपेक्षा सलगमाला जवळची. तिचं पान नाजूक, कुरकुर पाणीदार. आपल्या बाजारात गोल गड्डाच येतो आणि मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण आंबट रसापुढे तो जास्त वेळ तग धरतो.

रसासाठी एक मोठा चमचा सोया सॉस, दोन चमचे लिंबाचा रस, एक चमचा साखर, दोन चमचे तेल. वेगळं मीठ नको, सॉसमध्ये ते भरपूर असतं. इथे मला दरवेळी एक गोष्ट गमतीची वाटते. खरिपात रिठदच्या चहूबाजूंना सोयाबीन उभं असतं. काढणी झाली की पोती बाजार समितीत जातात, तेलाच्या आणि ढेपेच्या धंद्याला लागतात. त्याच दाण्याला गहू आणि मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने आंबवलं की सॉस होतो, आणि तो मात्र आम्ही दुकानातून बाटलीने विकत आणतो.

चिनी पद्धतीत तिळाचं तेल भाजलेल्या तिळांचं, गडद आणि खमंग. आपल्याकडचं घाण्याचं तेल कच्च्या तिळांचं, त्याला तो वास नाही. उपाय सोपा आहे: संक्रांतीनंतर डब्यात उरलेले तीळ तव्यावर तांबूस भाजायचे, अर्धे खलबत्त्यात जेमतेम ठेचायचे, अर्धे अख्खे ठेवायचे. बदामाऐवजी भाजलेले शेंगदाणे, सोलून, दोन फाकांचे. सांबार, म्हणजे इथली कोथिंबीर, मूठभर. नूडल्सचं पाकीट तर आयतंच. १९५८ मध्ये जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी झटपट रामेन बाजारात आणलं ते तळून सुकवलेलंच होतं. तळलेली असते म्हणूनच अशी वडी कच्ची चुरूनही खाता येते. शाळकरी पोरांना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

घरात पहिल्यांदा हे ताटात पडलं तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, “शिजवाची राह्यली का वो हे गोबी?” प्रश्न रास्त होता, पण कोशिंबीर त्याही कच्च्या कोबीचीच करतात. फरक दुसरीकडे आहे. कोशिंबिरीतला दाण्याचा कूट कोबीचं सुटलेलं पाणी पिऊन घेतो आणि त्याचाच रस होतो. ती पान लुळं पडणार हे धरूनच चालते. जेवणभर ताटाच्या डाव्या बाजूला थांबायचं तिला माहीत आहे. हे सॅलड थांबत नाही. कोबी आणि दाणे परातीत, रस वाटीत, नूडल्स डब्यात, आणि माणसं पाटावर बसल्यावरच तिघांची गाठ. आधी रस, मग शेवटच्या क्षणी नूडल्स आणि तीळ.

पहिल्या घासाला कोरडी कुरकुर पुढे असते, मागून ओली येते. मधल्या घासांना नूडल्स कडेला रस पितात पण आतून कडक राहतात. या सॅलडाचा उत्तम काळ तोच. तेव्हाच कोबीची थंडीतली गोडी, लिंबू आणि तिळाचा खमंगपणा वेगवेगळे कळतात. गाडीवरच्या भेळेत शेजवान चटणी पहिल्याच घासाला ओरडते आणि ही गोडी कानावर येऊच देत नाही. तिखट हवंच असेल तर हिरवी मिरची उभी चिरून तेलात तडतडवावी आणि ते तेल निवल्यावर घालावं.

उरलंच तर दुसऱ्या दिवशी त्याला सॅलड म्हणू नये. ज्वारीच्या पिठात, थोडं बेसन घालून मळावं आणि धपाटे लावावेत. सोया सॉस आधीच मुरलेला असतो, तेव्हा मीठ घालण्याआधी पीठ चाखून पाहावं.