पहिलेपण आणि पुन्हापण



अलीकडच्या मराठी चित्रपटांत आणि कथा-कादंबऱ्यांत एक विषय वारंवार येतो. माणसाला एखादी गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा कळते तो क्षण. पहिले प्रेम, पहिला अपमान, पहिला मृत्यू, पहिली कमाई. आमच्या मंडळींत अशा कलाकृतींची चर्चा फारशी होत नाही. सिनेमा म्हटला की विषयसुख, असे म्हणून आपण मोकळे होतो. या विषयाचा आणि आपला जवळचा संबंध आहे, असे माझे मत आहे. म्हणून चार चित्रपट समोर ठेवून थोडे निरूपण करतो.

आधी आपल्या घरातले पाहू. नामदेवरायांच्या बालपणीची नैवेद्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. दामाशेटी घरी नसतात, म्हणून लहान नामा नैवेद्याचे ताट घेऊन राउळात जातो. देव जेवणार, अशी त्याची खात्री असते. देव जेवत नाही, तेव्हा तो हट्टाला पेटतो. घरातली मोठी माणसे रोज ताट ठेवत होती आणि रोज परत आणत होती. देव जेवत नाही याचे त्यांना दुःख नव्हते, कारण तो जेवेल अशी अपेक्षाच उरली नव्हती. ते काम नाम्याने पहिल्यांदा केले आणि ते खरे मानून केले. पहिलेपणाचे बळ यातच आहे. ज्याला सवय झालेली नाही, तो क्रियेचा अर्थ विचारतो.

आता उमेश कुलकर्णी यांचा 'विहीर' घ्या. तो 2010 साली प्रदर्शित झाला. समीर आणि नचिकेत ही नात्यातली, जिवाभावाची दोन मुले. नचिकेत विहिरीत बुडून जातो. समीरच्या आयुष्यातला हा पहिला मृत्यू. घरातली मोठी माणसे रडतात, विधी करतात आणि हळूहळू कामाला लागतात. समीर मात्र विचारत राहतो, तो गेला म्हणजे कुठे गेला? मुलाचे नाव नचिकेत आहे, हे आपल्या ध्यानात यायला हवे. कठोपनिषदातला नचिकेत यमाच्या दारी तीन रात्री उपाशी थांबला आणि तिसऱ्या वराने त्याने मरणापलीकडचे विचारले. चित्रपटात प्रश्न विचारणारा मागे राहिलेला मुलगा आहे आणि यम कुठे भेटत नाही. त्याला पाणी, रान, वाट यांतूनच शोधावे लागते. दिग्दर्शकाने घाईने सांत्वन केलेले नाही. चित्रपट संथ आहे. काहींना कंटाळवाणाही वाटेल. पण शोकाची गती संथच असते.

हा चित्रपट कीर्तनकारांनी पाहावा, असे मला वाटते. आमच्या भागात तेरवीला कीर्तन ठेवतात. कीर्तनकाराने अशी शेकडो कीर्तने केलेली असतात. देह नाशवंत, आत्मा अमर, हे त्याच्या जिभेवर तयार असते. समोर पहिल्या रांगेत आजा गेलेला आठ वर्षांचा नातू बसलेला असतो. त्याच्यासाठी हे पहिलेच मरण आहे. त्याला तयार वाक्याचा काय उपयोग? तिरोड्यापासून पवनीपर्यंत गावोगाव उभे राहून मी जे पाहिले, त्यावरून एवढे सांगतो की, अशा वेळी निरूपण थोडे आणि नाम जास्त असावे. पोराच्या हाती टाळ द्यावा. सिद्धान्त त्याला पुढे कळेल. आज त्याला सोबत हवी असते.

दुसरा 'श्वास'. संदीप सावंत यांचा हा चित्रपट 2004 चा. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि भारतातर्फे तो ऑस्करसाठी पाठवला गेला. कोकणातल्या एका लहान मुलाच्या डोळ्यांना कर्करोग होतो. जीव वाचवायचा तर डोळे जाणार. शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला दवाखान्यातून बाहेर नेतात आणि शहर दाखवतात. मुलगा ते शहर पहिल्यांदा पाहतो आणि तेच शेवटचेही. अरुण नलावडे यांनी केलेला आजोबा जास्त बोलत नाही. डोळे आहेत तोवर पाहून घे, हे तो शब्दांत सांगत नाही, हात धरून चालत राहतो.

हे पाहताना ज्ञानेश्वरीतला अकरावा अध्याय आठवतो. अर्जुनाला दिव्य दृष्टी मिळते आणि विश्वरूप तो पहिल्यांदा पाहतो. पण पुढे काय होते, याकडे आपले लक्ष कमी जाते. अर्जुन भितो. हे रूप आवर, माझे ओळखीचे रूप पुन्हा दाखव, अशी विनवणी करतो. पहिला अनुभव सर्वांत मोठा असतो आणि नंतरचे सगळे उतरणीचे, असे आजची कला पुष्कळदा धरून चालते. माउलींच्या निरूपणात तसे नाही. ओळखीचे रूप परत मिळते, तेव्हा अर्जुनाच्या जिवात जीव येतो. 'श्वास'च्या शेवटी मुलगा गावी परततो. आता डोळे नाहीत, पण गाव ओळखीचे आहे. शहर दाखवण्यापेक्षा त्याला घरी परत आणणे मला अधिक मोलाचे वाटले.

तिसरा 'फँड्री', नागराज मंजुळे यांचा. 2014 साली तो चित्रपटगृहांत आला. कैकाडी समाजातला जब्या वर्गातल्या शालूवर जीव लावतो. काळ्या चिमणीची राख मिळाली की ती वश होईल, असे त्याला वाटते. या पहिल्या प्रेमाबरोबर त्याच्या वाट्याला उघड्यावरचा अपमान येतो. गावाची जत्रा आहे, वाजतगाजत मिरवणूक चालली आहे, जब्या त्यात मनसोक्त नाचतो आहे. तेवढ्यात बाप त्याला बोलावतो आणि त्याच्या डोक्यावर दिव्याचे ओझे येते. ज्याच्या उजेडात सगळे नाचतात, त्याला स्वतःला नाचता येत नाही.

माउली, हा प्रसंग आपण चटकन ओलांडून जाऊ नये. मिरवणूक आपल्याला प्रिय आहे. दिवा कोणाच्या डोक्यावर आहे, हे आपण पाहतो का? चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. त्यांना आत जाता आले नाही. पुढे सहा शतके त्यांच्या समाजाला आत जाऊन पांडुरंगाचे पहिले दर्शन मिळाले नाही. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केले, तेव्हा मंदिर सर्वांसाठी खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. ज्यांना पहिलेच दर्शन नाकारले होते, त्यांच्यापुढे पुन्हा पुन्हा येण्याचा महिमा सांगणे शोभत नाही. आधी पहिले पाऊल आत पडू द्यायला हवे. 'फँड्री'च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. काही जण म्हणतात, हा राग आहे, यात भक्ती कुठे? मला त्यात चोखोबांचीच तक्रार ऐकू येते. चोखोबांनी ती देवाकडे केली, जब्याला देवही जवळचा उरला नाही, एवढाच फरक. तो फरक पडला त्याला आपणही जबाबदार आहोत.

आता या चित्रपटांची मर्यादा सांगतो. ते पहिल्या अनुभवापाशी थांबतात. दगड सुटला की पडदा काळा होतो. दुसऱ्या दिवशी जब्या शाळेत गेला का, आईबापाशी काय बोलला, हे कळत नाही. कलेला शेवट करावा लागतो, हे मान्य. पण माणसाला दुसरा दिवस काढावा लागतो, आणि खरी परीक्षा तिथेच होते.

या दृष्टीने परेश मोकाशी यांचा 'एलिझाबेथ एकादशी' वेगळा आहे. हाही 2014 चा, कथा पंढरपुरातली. ज्ञानेश आणि मुक्ता या भावंडांचे वडील वारलेले. त्यांनी बनवलेली सायकल म्हणजे एलिझाबेथ. कर्जापायी आईचे विणकामाचे यंत्र जप्त होते आणि सायकल विकायची पाळी येते. तेव्हा पोरे कार्तिकीच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान मांडतात. त्यांची ही पहिली कमाई. आपण पंढरपूर पाहतो ते चंद्रभागेतून आणि दर्शनबारीतून. इथे ते गावच्या पोरांच्या नजरेने दिसते. यात्रा दर वर्षी येते, तिच्यावर गावाची चूल पेटते. चित्रपट गोड आहे, कधी जरा जास्तच. गरिबीचे काटे थोडे बोथट केले आहेत. तरी रोजच्या गोष्टीत नवे काही घडू शकते, हे त्यात नेमके आले आहे.

वारी या शब्दातच पुन्हा पुन्हा जाणे आहे. हरिपाठ तोच, अभंग तेच, वाट तीच. मग आपल्यात पहिलेपण राहते कसे? माझे उत्तर असे की, ते एकट्या माणसात टिकत नाही, दिंडीत टिकते. प्रत्येक दिंडीत दर वर्षी कोणीतरी पहिल्यांदा चाललेला असतो. त्याच्या पायाला फोड येतात, रिंगणाचा घोडा आला की तो दचकतो, तासन्‌तास बारीत उभे राहून पायांवर डोके ठेवायला क्षणच मिळाला म्हणून रडतो. तीसावी वारी करणारा त्याच्या शेजारी चालतो. म्हातारा त्याला वाट दाखवतो, आणि त्याच्या डोळ्यांतून म्हाताऱ्याला वाट नव्याने दिसते. हा व्यवहार दोघांच्याही फायद्याचा आहे. चित्रपटातल्या समीरला आणि जब्याला असा शेजारी मिळाला नाही. 'श्वास'मधल्या पोराला आजोबा मिळाला, म्हणून तो परत येऊ शकला.

आमच्या तिरोड्याकडून पंढरी फार लांब आहे. ज्यांना तेवढे जमत नाही, ते कळमेश्वर तालुक्यातल्या धापेवाड्याला, विदर्भाच्या पंढरीला जातात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक चालते, आणि तरुण पोरे तिथे दिसतात तेवढी सप्त्यात दिसत नाहीत. त्यांना दोष देत बसू नये. हे चित्रपट आता घरबसल्या मोबाइलवरही दिसतात. नातवाजवळ बसून एखादा पाहावा. संपल्यावर लगेच बोध सांगू नये. तुला काय वाटले, एवढेच विचारावे आणि तो काय सांगतो ते ऐकावे. यंदा सप्ता बसेल तेव्हा ज्याने कधी टाळ धरला नाही असा एक तरी पोरगा, कोणत्याही वस्तीतला, पहिल्या रांगेत उभा करावा. ताल चुकला तरी चालेल. पखवाजवाला सांभाळून घेतो.