स्थळदर्शन की शहराचे वाचन? : पुण्यातील शैक्षणिक-सांस्कृतिक स्थळांच्या विद्यार्थी-भेटींची चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन शिक्षणात शैक्षणिक सहलीची परंपरा जुनी आहे. ग्रंथातून मिळालेले ज्ञान प्रत्यक्ष अवलोकनाने दृढ व्हावे, हा तिच्यामागील मूळ हेतू होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांच्या नव्या रचनेत भारतीय ज्ञानप्रणाली आणि क्षेत्रप्रकल्प यांना श्रेयांक मिळाल्यामुळे अशा भेटींचे महत्त्व अधिकच वाढले आहे. मात्र भेटींची संख्या वाढणे आणि भेटींतून शिक्षण घडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उपस्थितीपत्रक, छायाचित्रे आणि अहवाल यांनी मूल्यांकनाची संचिका पूर्ण होते. विद्यार्थ्याच्या आकलनात कोणती भर पडली, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो.

प्रस्तुत लेखात पुणे शहरातील काही स्थळांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. विद्यार्थ्यांना दाखवायच्या स्थळांची यादी ही वरवर पाहता केवळ सोयीची बाब वाटते. वस्तुतः ती शहराच्या इतिहासाचा एक अन्वयार्थ असते. काय पाहावे हे सांगताना काय पाहू नये हेही यादी न बोलता सांगत असते. म्हणून स्थळांच्या निवडीइतकेच त्यांच्या परस्परसंबंधांकडे लक्ष देणे आवश्यक ठरते.

रूढ यादीचे स्वरूप

पुण्यात येणाऱ्या सहलीचा क्रम सर्वपरिचित आहे. शनिवारवाडा, दगडूशेठ हलवाई गणपती, राजा दिनकर केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस, पर्वती आणि वेळ उरल्यास सिंहगड. यांतील प्रत्येक स्थळ महत्त्वाचे आहे, यात शंका नाही. परंतु या क्रमाला आतला धागा नाही. बसचा मार्ग, वाहनतळाची सोय आणि जेवणाची वेळ यांवर तो ठरतो. १७३० मध्ये पायाभरणी झालेला पेशव्यांचा वाडा आणि १९४२ ते १९४४ या काळात महात्मा गांधींना जेथे स्थानबद्ध ठेवले होते तो १८९२ चा प्रासाद, या दोहोंमध्ये दोन शतकांचे अंतर आहे. सहलीत ते अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासात ओलांडले जाते आणि त्या अंतराविषयी कोणी काही बोलत नाही. परिणामी विद्यार्थ्याच्या मनात भव्यता, करुणा, कुतूहल अशा सुट्या भावना उरतात. कालक्रमाची आणि कार्यकारणाची जाणीव निर्माण होत नाही.

शनिवारवाड्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८२८ च्या आगीत आतील इमारती नष्ट झाल्या. आज उभे आहेत ते तट, बुरूज, दरवाजे आणि आतील जोती. म्हणजे विद्यार्थी जे पाहण्यासाठी तिकीट काढतो ती मुख्यतः एक रिकामी जागा आहे. ही रिकामी जागा भरून काढण्यासाठी मार्गदर्शक बहुधा १७७३ मधील नारायणराव पेशव्यांच्या खुनाची कथा सांगतो आणि तिच्या आधाराने भुताची आख्यायिकाही. जोत्यांच्या आखणीवरून वाड्याची रचना कशी ओळखावी, सत्तेचे केंद्र शहराच्या पेठांशी कसे जोडलेले होते, हे प्रश्न मागे पडतात.

विश्रामबागवाडा : दोन शिक्षणव्यवस्थांचा सांधा

शनिवारवाड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर असलेला विश्रामबागवाडा रूढ यादीत असलाच तर शेवटी असतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, १८०७ च्या सुमारास उभारलेल्या या वाड्याची ओळख त्याच्या दर्शनी भागातील लाकडी कोरीवकामापुरती करून दिली जाते. शैक्षणिक भेटीच्या दृष्टीने मात्र तो पुण्यातील अत्यंत महत्त्वाच्या वास्तूंपैकी एक आहे.

पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा होती. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यानंतर कंपनी सरकारने या निधीचा काही भाग शिक्षणाकडे वळविला आणि १८२१ मध्ये याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. आरंभी ती ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरती मर्यादित होती. पुढे अनेक स्थित्यंतरांतून जात तीच परंपरा डेक्कन कॉलेजपर्यंत पोहोचली. म्हणजे सत्ता बदलली तरी ज्ञानाचा अधिकार कोणाला, या प्रश्नाचे उत्तर लगेच बदलले नाही. ते बदलण्याची सुरुवात वेगळ्या ठिकाणी झाली.

१८४८ मध्ये जोतीराव फुले यांनी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई फुले तेथे शिकवू लागल्या. या कार्याबद्दल १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारच्या वतीने जोतीरावांचा सत्कार झाला, तो विश्रामबागवाड्यातच. सत्कार करणारे मेजर थॉमस कँडी हे मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यातील सहकारी होते आणि संस्कृत पाठशाळेच्या कारभाराशीही त्यांचा निकटचा संबंध होता. ज्या वास्तूत ज्ञान एका वर्णापुरते राखले गेले होते त्याच वास्तूत, सुमारे तीन दशकांनी, ते राखण नाकारणाऱ्या शिक्षकाचा गौरव झाला. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या शैक्षणिक स्थित्यंतराचे इतके सघन उदाहरण एका छताखाली क्वचितच सापडेल. हा संबंध सांगितला गेला नाही, तर विद्यार्थ्याला फक्त सुरूच्या आकाराचे खांब दिसतात.

भिडे वाडा : अभावाचे दर्शन

या विवेचनातील सर्वांत गंभीर प्रश्न भिडे वाड्याने उपस्थित केला आहे. दगडूशेठ हलवाई गणपतीच्या मंदिरासमोर, शिवाजी रस्त्यावर हा वाडा होता. वर्षानुवर्षे सहलीचे विद्यार्थी दर्शनासाठी या परिसरात येत राहिले; समोरची जीर्ण, दुकानांनी वेढलेली इमारत त्यांना क्वचितच दाखविली गेली. जागेचा वाद दीर्घकाळ न्यायालयात राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर डिसेंबर २०२३ मध्ये, स्मारकाच्या उभारणीसाठी, वाडा पाडण्यात आला.

इमारत जीर्ण होती आणि स्मारकाची मागणी न्याय्य होती, हे मान्य करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो. १८४८ ते २०२३ या १७५ वर्षांत शिक्षणसंस्थांनी या वास्तूचे शैक्षणिक वाचन किती केले? वास्तू जपली जावी यासाठी कायदा लागतो, निधी लागतो. पण त्याआधी ती पाहणारी नजर लागते. ही नजर घडविणे हे प्रशासनाचे नव्हे, अध्यापकांचे काम आहे. भिडे वाड्याच्या दुरवस्थेची जबाबदारी ठरवताना शिक्षणक्षेत्राला स्वतःकडे बोट वळवावे लागेल.

येथे शनिवारवाडा आणि भिडे वाडा यांची तुलना उपयुक्त ठरते. दोन्ही ठिकाणी मूळ वास्तू नाही. एका रिकाम्या जागेला तट, तिकीट आणि कथा लाभली. दुसरीला दुकानांच्या पाट्या लाभल्या. हा फरक केवळ स्थापत्याचा नाही, तर कोणाची स्मृती सार्वजनिक मानली गेली याचा आहे. नवे स्मारक उभे राहिले तरी ते नवी इमारत असेल. त्या अरुंद जागेत मुली कशा बसत असतील, त्या कोणत्या गल्लीतून येत असतील, घरून निघताना त्यांना काय ऐकावे लागत असेल, हे इमारत सांगणार नाही. ते अध्यापकालाच विचारायला लावावे लागेल.

अभिवादनाची मर्यादा

याच्या विरुद्ध बाजूचा दोषही नोंदविणे आवश्यक आहे. रूढ यादीला पर्याय म्हणून केवळ दुसरी यादी तयार केली तर पद्धतीत बदल होत नाही. ३ जानेवारीला प्रतिमापूजन करून गंज पेठेतील महात्मा फुले वाड्यास भेट द्यायची, समाधीस पुष्पहार अर्पण करायचा आणि समूहछायाचित्र घेऊन परतायचे, हेही स्थळदर्शनच होय. श्रद्धेचा विषय बदलला म्हणून वाचन घडतेच असे नाही. फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हे वाक्य ऐकून टाळ्या वाजविणे सोपे आहे. स्वतःच्या गावातील पाणवठ्याचा इतिहास विचारणे कठीण आहे. अभिवादनाने आदर व्यक्त होतो, चिकित्सेने वारसा पुढे जातो. दोहोंची आवश्यकता मान्य केली तरी महाविद्यालयाचे वेगळेपण दुसऱ्या गोष्टीत आहे, याचा विसर पडू नये.

संग्रहालय आणि संशोधनसंस्था

स्थळाचे वाचन म्हणजे काय, याचे धडे पुण्यातील दोन संस्था स्वतःच देतात. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर जमविलेल्या आणि अकाली निवर्तलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभ्या केलेल्या संग्रहालयात दिवे, अडकित्ते, भांडी, दौती, वाद्ये यांना स्थान आहे. येथे राजाचे सिंहासन नाही, घरातील वापराच्या वस्तू आहेत. यांतील कित्येक वस्तू स्त्रियांच्या हातांतून फिरल्या. त्या हातांना लेखणी मिळाली नव्हती. केळकर संग्रहालयातील स्वयंपाकघराची भांडी आणि भिडे वाड्यातील शाळा यांच्यात हा संबंध आहे. तो लक्षात आणून दिला तर संग्रहालय ही दालनांची रांग उरत नाही. तासाभरात सर्व दालने पाहण्यापेक्षा विद्यार्थ्याने एकच वस्तू निवडावी, ती कोणी घडविली असेल, कोणी वापरली असेल, ती वापरातून का गेली, यावर एक पान लिहावे, हे शैक्षणिकदृष्ट्या अधिक फलदायी होय.

१९१७ मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेबाबत अडचण वेगळी आहे. तेथे नेत्रदीपक असे फार नाही. म्हणून सहलीचा गट प्रवेशद्वारातूनच परततो. वास्तविक महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेले कार्य ही तेथील खरी प्रेक्षणीय गोष्ट आहे. निरनिराळ्या लिपींतील, निरनिराळ्या प्रदेशांतील हस्तलिखिते समोरासमोर ठेवून प्रत्येक पाठ तपासायचा, स्वीकारलेल्या पाठाखाली नाकारलेले पाठही प्रामाणिकपणे नोंदवायचे, ही ती पद्धती. शहराच्या इतिहासालाही ती लागू करता येते. शनिवारवाड्याचा पाठ मुख्य मजकुरात छापला गेला, भिडे वाड्याचा तळटीपेतही आला नाही. चिकित्सक वाचकाने दोन्ही पाठ समोर ठेवले पाहिजेत.

आक्षेप आणि विचार

सहलीचा आनंद हिरावून घेऊन तिचा तास करणे योग्य नव्हे, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. त्यात तथ्य आहे. ग्रामीण भागातील अनेक विद्यार्थ्यांसाठी ही शहराची पहिली भेट असते आणि मित्रांसोबतचा प्रवास हेही शिक्षणच आहे. शिवाय ऐंशी विद्यार्थी, दोन अध्यापक आणि एक दिवस अशा मर्यादेत सखोल चर्चा घडविणे सोपे नाही. मात्र यावरील उपाय स्थळे वाढविण्यात नसून कमी करण्यात आहे. शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, भिडे वाड्याची जागा आणि महात्मा फुले वाडा ही चार स्थळे एका सकाळी पायी पाहता येतात. या फेरीला वाहनाचा खर्च नाही, धागा मात्र स्पष्ट आहे : सत्ता, दक्षिणा, पाठशाळा, शाळा आणि सर्वांसाठी खुला हौद. चालण्यात गप्पांना वाव राहतो. गप्पांतूनच प्रश्न निघतात. निघण्यापूर्वी वर्गात एक तास पूर्ववाचन आणि परतल्यावर एक तास चर्चा, एवढी जोड दिली तरी भेटीचे स्वरूप पालटेल.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, विद्यार्थी-भेटीसाठीची स्थळांची यादी तटस्थ नसते. ती इतिहासाचा अन्वयार्थ असते आणि म्हणून तिची वेळोवेळी चिकित्सा व्हावी. दोन, सुट्या स्थळांपेक्षा स्थळांमधील संबंध अधिक शिकवतो. तीन, जे उरले नाही ते पाहण्याची क्षमता निर्माण करणे हे भेटीचे उच्चतम उद्दिष्ट होय. चार, केवळ अभिवादन हे वाचनाला पर्याय ठरू शकत नाही.

पुण्यासंबंधीचे हे विवेचन अन्य शहरांनाही लागू पडते. प्रत्येक शहरात तट असलेली एक रिकामी जागा असते आणि दुकानांमागे झाकलेली दुसरी. पहिली दाखवायला मार्गदर्शक उपलब्ध आहेत. दुसरी दाखविण्याचे काम अध्यापकांनी केले नाही, तर ती पाडली जाईपर्यंत तेथे काय होते हे कोणाला कळणार नाही. भिडे वाड्याच्या बाबतीत नेमके हेच घडले.