‘जामखेड’ ग्रंथातील दारिद्र्यविचार : एक चिकित्सा

ख्रिस्ती सेवाकार्य व दारिद्र्य यांची चर्चा बहुधा दान आणि धर्मप्रसार या दोन शब्दांतच अडकते. डॉ. मेबल व डॉ. रजनीकांत आरोळे यांचा ‘जामखेड’ (१९९४) हा इंग्रजी ग्रंथ तिला त्यापलीकडे नेतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेल्या या दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुका जामखेडला लागूनच आहे. गावातील निरक्षर, पुष्कळदा दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडविले. हातपंप दलित वस्तीत बसविले. परिणामी पाण्यासाठी सवर्णांनाच तेथे जावे लागले. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची ख्रिस्ती आज्ञा येथे दयाभावापुरती न राहता थेट जातिव्यवस्थेला भिडते. ग्रंथाचे खरे सामर्थ्य यात आहे, केवळ घटलेल्या बालमृत्यूंत नव्हे. प्राथमिक आरोग्यसेवेत लोकसहभाग हवा, हे जगाने आल्मा-आटा येथे १९७८ मध्ये मान्य केले. जामखेडचे काम त्याआधीचे आहे.

मात्र आत्मसन्मान जागा झाला की दारिद्र्य ओसरते, असा ग्रंथाचा कल जाणवतो. तो अपुरा आहे. जमिनीची मालकी व मजुरीचे दर त्यात दुय्यम ठरतात. भूम-वाशी परिसरातील ऊसतोड मजूर स्त्री गळीत हंगामभर कारखान्याच्या फडावर असते. गाव हेच ज्या प्रयोगाचे एकक आहे, तो तिच्यापर्यंत कसा पोहोचणार, या प्रश्नाला ग्रंथात पुरेसे उत्तर मिळत नाही.