विद्यापीठीय जीवनाचा एकात्म संगणकीय मंच : नागपूर विद्यापीठाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रवेश, परीक्षा, ग्रंथालय, शिष्यवृत्ती व वसतिगृह या सर्व व्यवहारांसाठी विद्यार्थ्याला एकच संगणकीय मंच उपलब्ध व्हावा, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९८३ मध्ये ‘अथेना’ प्रकल्प हाती घेतला. एका नावाने व एका परवलीच्या शब्दाने परिसरातील कोणत्याही संगणकावर काम करता यावे, हा त्याचा एक उद्देश होता. महाराष्ट्रात २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) स्थापन झाले आणि पुढे ‘डिजिटल विद्यापीठ’ ही संज्ञा विद्यापीठांच्या कारभारात रूढ झाली. तथापि या कल्पनेत एक गृहीतक दडलेले आहे. विद्यार्थी, अध्यापक व कार्यालय एकाच आवारात आहेत, असे ती मानून चालते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला हे गृहीतक लागू पडत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठातून १९८३ मध्ये अमरावती आणि २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले. तरीही नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. अमरावती मार्गावरील शैक्षणिक परिसरात शिकणारे विद्यार्थी थोडे. बहुसंख्य विद्यार्थी संलग्नित महाविद्यालयांत आहेत. देवरी, सालेकसा वा अर्जुनी मोरगाव येथील विद्यार्थ्याच्या दृष्टीने ‘विद्यापीठ’ म्हणजे महाविद्यालयाच्या कार्यालयातील खिडकी आणि तिच्यामागे बसलेला लिपिक. एकात्म मंचाची खरी कसोटी या खिडकीपाशी लागते. परिसरातील कार्यक्रमांची सूचना भ्रमणध्वनीवर मिळणे सोयीचे असले, तरी तो या प्रश्नाचा गाभा नव्हे.

गाभा आहे तो नोंदीचा. राज्य मंडळाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येते, मग विद्यार्थ्याचे व वडिलांचे नाव. आईचे नाव स्वतंत्र असते. आधारपत्रावर बहुधा स्वतःचे नाव आधी असते. शिवाय इंग्रजी लिप्यंतराचा घोळ आहेच. ‘ठाकरे’ या विदर्भातील परिचित आडनावात ‘के’ या अक्षरानंतर कोणी ‘ए’ लिहितो, कोणी लिहीत नाही. ‘वानखेडे’मध्ये ‘ख’ नंतर कोठे ‘ई’ तर कोठे ‘ए’ येतो. माणसाला यात काही वावगे दिसत नाही. यंत्राला मात्र त्या दोन व्यक्ती वाटतात. महाडीबीटीवरील शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार आलेली श्रेयांक बँकही डिजिलॉकरमधील ओळखीवर चालते. गुणपत्रिकेवरील नाव या ओळखीशी जुळले नाही, की शिष्यवृत्ती अडते, श्रेयांक खात्यात उतरत नाहीत. दुरुस्तीसाठी विद्यार्थ्याने महाविद्यालयात जावे, की परीक्षा भवनात, की आधार केंद्रावर, हे त्याला कोणी निश्चितपणे सांगत नाही. रोजमजुरी बुडवून नागपूरला येणाऱ्या पालकाच्या दृष्टीने ही तांत्रिक बाब राहत नाही.

पडदा एक केल्याने नोंद एक होत नाही, हे महाराष्ट्राने महागात अनुभवले आहे. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांचे संगणकीय मूल्यांकन घाईने लागू केले. ३१ जुलैची मुदत उलटूनही निकाल रखडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. निकाल तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत लावण्याचे बंधन घालणारा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ तेव्हा नुकताच अमलात आला होता, हा योगायोग बोलका आहे. नागपुरात २०२१-२२ मध्ये परीक्षेचे काम एमकेसीएलकडे सोपविण्यावरून वाद झाला. प्रथम वर्षाचे निकाल लांबले, प्रश्न विधिमंडळात गेला आणि अखेर ते काम त्या संस्थेकडून काढून घेण्यात आले. दोन्ही प्रसंगी चर्चा रंगली ती काम कोणाला दिले, कसे दिले, यावर. ती आवश्यकच होती. परंतु संस्था बदलली तर विद्यार्थ्यांच्या जुन्या नोंदी कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि कोणाच्या ताब्यात परत येतील, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. वस्तुतः कराराचे पहिले कलम तेच असावयास हवे होते.

दिल्ली विद्यापीठात विकसित झालेली ‘समर्थ’ ही शासकीय प्रणाली आता राज्यातही रुजत आहे. मुंबई विद्यापीठाची २०२४ मधील पदवी प्रवेशपूर्व नोंदणी तीवरच झाली. खासगी पुरवठादारावरील अवलंबित्व तिने कमी होऊ शकेल. मात्र नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा, हे समर्थ ठरवून देणार नाही. ते विद्यापीठालाच ठरवावे लागेल. त्यासाठी नवे मंडळ नेमण्याचीही गरज नाही. २०१६ च्या अधिनियमातच माहिती तंत्रज्ञान मंडळाची तरतूद आहे. संगणक खरेदी व जोडण्या यांपलीकडे जाऊन या मंडळाने नाव, जन्मतारीख, प्रवर्ग व विषयनिवड या चार बाबींपुरता जरी निर्णय केला, म्हणजे प्रत्येकीचे मूळ स्थान कोणते, बदल कोण करील, तो किती दिवसांत इतर प्रणालींत उतरेल हे ठरविले, तरी निम्मे काम झाले असे म्हणता येईल. प्रवर्गाची नोंद तर फारच नाजूक. वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाल्यानंतर वसतिगृहाच्या अधीक्षकाला वा ग्रंथपालाला ती दिसावी का, हा प्रश्न टाळता येणार नाही. एकात्म मंचाच्या आराखड्यांत ‘सर्व माहिती एका ठिकाणी’ हे वैशिष्ट्य म्हणून मिरवले जाते. ती कोणाला दिसू नये, याचा तक्ता क्वचितच जोडलेला असतो.

महाविद्यालयाच्या लिपिकाचा विचार तर आराखड्यांत जवळजवळ नसतोच. प्रवेशाच्या दिवसांत तोच अर्ज तपासतो, तोच विद्यापीठाच्या प्रणालीत, महाडीबीटीवर व उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या तक्त्यांत तीच माहिती पुन्हा पुन्हा भरतो. नावातील एक अक्षर चुकलेले त्याच्या लक्षात येते, तेव्हा ते दुरुस्त करण्याची कळ बहुधा त्याच्या पडद्यावर नसते. मग तो अर्ज लिहितो, प्राचार्यांची सही घेतो आणि तो कागद नागपूरला पाठवतो.