शेवटच्या कडव्यातला वामन

वामनदादा कर्डकांच्या गीतांवर लिहिणारे बहुधा आशयापाशी थांबतात. अनेक गीतांच्या शेवटी येणारी ‘वामन’ ही नाममुद्रा शाहिरी रिवाज म्हणून सोडून दिली जाते. रिवाज तो आहेच. पण १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या या कवीला अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. गाणी गावोगाव जाणार होती ती गायकांच्या तोंडून. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे नाव तिथे काय कामाचे? यमकात घट्ट बसवलेले नाव मात्र काढू गेले तर कडवेच मोडते. माझ्या मते ही मुद्रा म्हणजे त्यांचा सातबारा.

गंगाखेडची जनाबाई स्वतःचे नाव नामदेवाच्या नावाला जोडून घेते. वामन एकटा उभा राहतो. आत्मचरित्रालाही दादांनी नाव दिले ‘माझ्या जीवनाचं गाणं’.

२००४ साली ते गेले. आता ही खूण गायकांच्या हाती आहे. आमच्या शिरूर अनंतपाळकडे १४ एप्रिलच्या कार्यक्रमांत वेळ कमी पडला की दोन कडव्यांवर गाणे आटोपते. टाळ्या पडतात, पुढचे गाणे सुरू होते. वामनचे कडवे राहून जाते.